मुक्या ‘ई’ची कहाणी

ज्यांनीं मराठी शाळेंत पांचव्या इयत्तेला इंग्रजीचा श्रीगणेशा केला, त्यांना तो फळा आठवत असेल. त्यावर चार चार वर्णांचे शब्द एकाखालीं एक लिहिलेले असत. ‘नेम’ म्हणजे नांव, ‘टाइम’ म्हणजे वेळ, ‘होप’ म्हणजे आशा, ‘लव्ह’ म्हणजे प्रेम. आणि त्या प्रत्येक शब्दाच्या शेवटीं ‘ई’ हा एकच वर्ण, पंगतीच्या अखेरीस बसलेल्या अबोल पाहुण्यासारखा, गप्प बसलेला असे. आमच्या वर्गांत एके दिवशीं एका मुलानें मास्तरांना सरळ विचारलें, ‘हा ई जर बोलत नाहीं, तर तो लिहायचा कशाला?’ मास्तर क्षणभर थांबले. मग त्यांनीं त्याला हात पुढें करावयास सांगितलें आणि दोन छड्या दिल्या. उत्तर मास्तरांपाशींहि नव्हतें, हें आज आम्हांस कळतें. त्या दिवशीं मात्र विचारणाराचीच चूक झाली असें साऱ्या वर्गास वाटलें, व आम्हींहि खालीं मान घालून प्रत्येक शब्द ‘ई’सकट दहा वेळां लिहून काढला. तो मुलगा पुढें इंग्रजीच्या तासाला कधीं बोलला नाहीं. दोन वर्षांनीं इंग्रजींतच नापास होऊन त्यानें शाळा सोडली. आम्ही त्याच इंग्रजीवर पोट भरीत आलों.

पुष्कळ वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविल्यावर आतां असें वाटतें कीं, त्या प्रश्नाचें उत्तर हें आमच्याकडे राहून गेलेलें एक देणें आहे. उत्तर लांब आहे, व तें इंग्रजी भाषेच्या हजार वर्षांच्या इतिहासांतून शोधून काढावें लागतें. परंतु उत्तर आहे. आणि तें ऐकल्यावर आपल्या मराठीच्या लेखनाकडे पाहण्याची दृष्टिहि थोडी बदलते, असा आमचा अनुभव आहे.

प्रथम हा वर्ण आज काय काम करतो तें पाहूं. ‘हॅट’ म्हणजे टोपी; हा तीन वर्णांचा शब्द. त्याच्यापुढें ‘ई’ लिहिला कीं चार वर्णांचा ‘हेट’ होतो, आणि टोपीचा द्वेष होतो. त्याच रीतीनें ‘मॅड’ म्हणजे वेडा, त्याचा ‘मेड’ म्हणजे केलेला. ‘पिन’ म्हणजे टांचणी, त्याचा ‘पाइन’ म्हणजे देवदारासारखें एक झाड. ‘हॉप’ म्हणजे एका पायावर उडी मारणें, त्याचा ‘होप’ म्हणजे आशा. ‘कट’ म्हणजे कापणें, त्याचा ‘क्यूट’ म्हणजे गोजिरवाणा. म्हणजे हा ‘ई’ स्वतः बोलत नसला, तरी मागच्या स्वराला वेगळें बोलावयास लावतो. आपल्याकडे ऱ्हस्वदीर्घाचा भेद वेलांटीनें आणि उकारानें दाखवितात. इंग्रजीनें त्या कामीं शब्दाच्या टोकाला एक मुका पहारेकरी बसविला आहे.

पण येथेंच खरी अडचण उभी राहते. मध्यें एक व्यंजन आडवें असतां टोकाचा वर्ण पलीकडच्या स्वराला कसा हात लावतो? आणि हाच नियम खरा मानावा, तर ‘हॅव्ह’, ‘गिव्ह’, ‘लव्ह’, ‘कम’, ‘सम’ ह्या शब्दांच्या शेवटींहि ‘ई’ आहे. तो तेथें काय करीत बसला आहे? नियम पाठ करणाऱ्या मुलाची येथें हटकून फसगत होते. कारण शब्द आधींचे आहेत आणि नियम नंतरचा आहे.

हा ‘ई’ जन्मतः मुका नव्हता. इ. स. १०६६ मध्यें नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें, त्याच्या आधीं तेथें जी जुनी इंग्रजी किंवा अँग्लोसॅक्सन भाषा बोलली जाई, तींत नांवाला ‘नमा’ म्हणत. हा शब्द आपल्या ‘नामन्’ शब्दाच्याच कुळांतला आहे, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. वेळेला ‘टीमा’, आशेला ‘होपा’, प्रेमाला ‘लुवु’ असे उच्चार होते. संस्कृताप्रमाणें त्या भाषेंतहि नामांना विभक्तीचे प्रत्यय लागत, आणि शब्दाच्या टोकाचे हे स्वर लिंग, वचन व विभक्ति सांगण्याचें काम करीत. परंतु शब्दाच्या आरंभीं जोर देऊन बोलण्याच्या संवयीमुळें टोकाचे स्वर हळूहळू पुसट होत गेले. ‘आ’ काय, ‘उ’ काय, ‘ओ’ काय, सर्वांचा मिळून एकच अस्फुट ‘अ’ उरला, आणि लेखनिक तो ‘ई’ ह्या वर्णानें दाखवूं लागले. नॉर्मन विजयानंतर दरबारची भाषा फ्रेंच झाली, जुन्या लेखनाची परंपरा तुटली, आणि नव्या लेखनिकांच्या हातून हाच ‘ई’ सर्वत्र रूढ झाला. फ्रेंचमधून जे ‘फेस’, ‘केज’, ‘रेज’ यांसारखे शब्द आले, तेहि आपापला शेवटचा ‘ई’ बरोबर घेऊनच आले.

तेराव्या शतकाच्या सुमारास आणखी एक बदल घडून आला. ‘नमा’ ह्या शब्दाचे ‘न’ आणि ‘मा’ असे दोन अवयव पडतात, व त्यांतील पहिला अवयव स्वरांत संपतो. असा उघडा अवयव लांबवून बोलण्याची चाल पडली. त्यामुळें ‘न’चा ‘ना’ झाला, आणि त्याच्यामागून टोकाचा अस्फुट ‘अ’ ऐकूं येत राहिला. ‘हॅट’मध्यें मात्र अवयव एकच, आणि तोहि व्यंजनानें बंद झालेला, म्हणून त्याचा स्वर आंखूडच राहिला. पुढें चौदाव्या-पंधराव्या शतकांत तो टोकाचा ‘अ’ बोलण्यांतून साफ नाहींसा झाला. पण त्याच्यामुळें मागच्या स्वराला जी दीर्घता आली होती ती गेली नाहीं. त्यानंतरच्या दोन-अडीच शतकांत इंग्रजींतील दीर्घ स्वरच आपापल्या जागेवरून सरकले. दीर्घ आकार वर चढून एकार झाला, दीर्घ ईकार फुटून ‘आइ’ झाला, आणि अशा रीतीनें ‘नाम’चा ‘नेम’ व ‘टीम’चा ‘टाइम’ झाला. सारांश, टोकाचा वर्ण मागच्या स्वराला हात लावतो तो आज नव्हे. त्यानें तो सातशें वर्षांपूर्वीं लावला, आणि तेव्हां तो बोलत होता.

बोलणारा वर्ण मुका झाल्यानें काय अनर्थ होऊं शकतो, ह्याचें उदाहरण इंग्रजी काव्याच्या इतिहासांतच आहे. जेफ्री चॉसर हा कवि इ. स. १४०० मध्यें निवर्तला. ‘कँटरबरी टेल्स’ हें त्याचें काव्य रचलें जात होतें, तेव्हां टोकाचा ‘ई’ निदान पद्यांत तरी उच्चारला जात होता, व चॉसरनें आपल्या ओळी तोच हिशेब धरून बांधल्या होत्या. पुढच्या शंभर वर्षांत तो उच्चार लोपला. ओळी कागदावर जशाच्या तशा राहिल्या, पण वाचणारांच्या कानांत त्या लंगडूं लागल्या. कोठें एक अवयव कमी, कोठें दोन. चॉसरचा एक जुना संपादक टॉमस स्पेट ह्यानें, नीट वाचल्यास ओळी पुऱ्या भरतात, असें सुचविलें होतें. पण तें कोणाला पटेना. जॉन ड्रायडननें १७०० मध्यें, मृत्यूपूर्वीं थोडेच दिवस आधीं, आपल्या ‘फेबल्स’ ह्या संग्रहाच्या प्रस्तावनेंत चॉसरला इंग्रजी काव्याचा पिता म्हणून गौरविलें. परंतु त्याच प्रस्तावनेंत त्यानें स्पेटचें म्हणणें खोडून काढलें. चॉसरच्या कित्येक ओळी उणीव असलेल्या आहेत, कारण त्याच्या काळीं काव्य बाल्यावस्थेंत होतें, असा त्याचा निर्णय. ज्याला पिता म्हटलें त्यालाच अक्षरें मोजतां येत नव्हतीं, असें ठरलें! आणि दोष होता तो एका वर्णाच्या मुकेपणाचा.

ह्या चुकीचें निरसन व्हावयास आणखी पाऊणशें वर्षें लागलीं. टॉमस टिरिट ह्या विद्वानानें १७७५ पासून ‘कँटरबरी टेल्स’ची नवी आवृत्ति काढली, आणि तींत चॉसरच्या काळची भाषा व छंद यांचा अभ्यास करून दाखविलें कीं, टोकाचे ‘ई’ जेथल्या तेथें उच्चारले तर त्या ओळी बिनचूक चालतात. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड ह्यांनीं तो अभ्यास फार बारकाईनें पुढें नेला. कवीची अब्रू वांचली ती लेखनांत हा ‘ई’ टिकून राहिला म्हणून. उच्चाराबरोबर तो लेखनांतूनहि पुसला गेला असता, तर टिरिटला पुरावा कोठून मिळता?

ही गोष्ट मराठी वाचकांस परकी वाटूं नये. ज्ञानेश्वरींत ‘गणेशु’, ‘दासु’ अशीं उकारान्त रूपें आहेत. पुढें तो ‘उ’ झिजून ‘अ’ झाला, आणि आज तर तो ‘अ’हि आपण बोलत नाहीं, लिहितों ‘राम’, म्हणतों ‘राम्’. जें ‘नमा’चें झालें तेंच ‘गणेशु’चें झालें. परंतु संध्याकाळीं दिव्याजवळ बसून मनाचे श्लोक म्हणणाऱ्या मुलाकडे कान द्यावा. भुजंगप्रयात वृत्ताच्या एका चरणांत बारा अक्षरें भरावीं लागतात. म्हणून बोलतांना गिळला जाणारा तो ‘अ’ मूल तेथें न शिकवितांच पुरा उच्चारतें. आपल्याकडे पाठांतराची परंपरा तुटली नाहीं, म्हणून समर्थांवर चॉसरसारखा प्रसंग आला नाहीं. ती तुटली असती, तर मराठीचा एखादा ड्रायडन निघाला असता, आणि रामदासांस वृत्त साधत नव्हतें असें त्यानें मोठ्या आदरानें लिहून ठेवलें असतें.

आतां पुन्हां इंग्लंडांत जाऊं. इ. स. १४७६ मध्यें विल्यम कॅक्स्टननें वेस्टमिन्स्टर येथें छापखाना घातला, त्या वेळीं हा वर्ण बोलण्यांतून जात चाललेला, पण लिहिण्यांतून न गेलेला, असा अधांतरीं लोंबत होता. कोणी तो लिही, कोणी गाळी; एकच शब्द दोन्ही तऱ्हांनीं छापलेला दिसे. त्याला निश्चित काम नेमून देणारांत रिचर्ड मल्कास्टर हा शाळामास्तर प्रमुख होय. लंडनमध्यें १५६१ सालीं निघालेल्या मर्चंट टेलर्स शाळेचा तो पहिला मुख्याध्यापक. कवि एडमंड स्पेन्सर त्याच शाळेंत शिकला. त्या काळीं इंग्लंडांतील विद्वानांना लॅटिनचा अभिमान, आणि स्वतःच्या भाषेंत गंभीर विषय मांडतां येतील कीं नाहीं ह्याची शंका! मल्कास्टरनें १५८२ मध्यें ‘एलिमेंटरी’ ह्या ग्रंथाचा पहिला भाग छापून इंग्रजीचा पक्ष घेतला. तिचें सामर्थ्य कोणत्याहि भाषेहून उणें नाहीं, मात्र तिच्या लेखनाला शिस्त हवी, असें त्याचें म्हणणें. केवळ उच्चाराप्रमाणें लिहावें हा पक्ष त्याला मान्य नव्हता. लेखनावर उच्चार, तर्क आणि रूढि ह्या तिघांची मिळून सत्ता चालते, असें तो प्रतिपादी. म्हणून निरुद्योगी झालेल्या ‘ई’ला हांकलून न देतां त्यानें त्याला चाकरीस ठेवलें: मागचा स्वर दीर्घ असेल तेथें ह्यानें उभें राहून खूण करावी.

एकदां असें काम नेमून दिल्यावर ज्या घरांत त्याचा जन्म नव्हता तेथेंहि तो दत्तक गेला. ‘वाइफ’ म्हणजे बायको, ‘लाइफ’ म्हणजे आयुष्य, ‘वाइन’ म्हणजे द्राक्षांची दारू; जुन्या इंग्रजींत हे शब्द ‘वीफ’, ‘लीफ’, ‘वीन’ असे व्यंजनांत संपत. आज त्या तिघांच्याहि शेवटीं ‘ई’ आहे, आणि ‘नेम’चा औरस ‘ई’ कोणता व ‘वाइन’चा दत्तक ‘ई’ कोणता, हें डोळ्यांना ओळखूं येत नाहीं. ‘फेस’ आणि ‘केज’ ह्या शब्दांत तर तो दोन कामें करतो: मागचा स्वर लांब ठेवतो, आणि शेजारच्या ‘सी’, ‘जी’ ह्या वर्णांचा उच्चार ‘क’, ‘ग’ असा होऊं न देतां मऊ करतो.

राहिले ते ‘हॅव्ह’, ‘गिव्ह’, ‘लव्ह’. त्यांचें कारण निराळें आणि मोठें मौजेचें आहे. सतराव्या शतकापर्यंत ‘यू’ आणि ‘व्ही’ हे दोन वर्ण वेगळे मानीत नसत. एकाच वर्णाचीं तीं दोन रूपें होतीं. शब्दाच्या आरंभीं ‘व्ही’ लिहावयाचा आणि इतरत्र ‘यू’, अशी चाल होती. मग शब्दाच्या शेवटीं नुसता ‘यू’ दिसला तर तो स्वर समजावा कीं व्यंजन? ही शंका राहूं नये म्हणून त्याच्यामागें ‘ई’ उभा करीत. तो असला म्हणजे आधींचा ‘यू’ हा ‘व’ समजावा. पुढें दोन्ही वर्ण वेगळे झाले, शंकेचें कारण उरलें नाहीं. पण पहारेकऱ्याला घरीं जावयास कोणी सांगितलें नाहीं. इंग्रजींतला अस्सल शब्द सहसा ‘व्ही’नें संपत नाहीं, ह्याचें मूळ येथें आहे. ‘कम’ आणि ‘सम’ ह्यांत घोटाळा आहे तो मधल्या स्वराचा. जुन्या हस्तलिखितांत ‘यू’, ‘एम’, ‘एन’ हे वर्ण म्हणजे नुसत्या उभ्या रेघांची रांग. रेघा मोजतांना चूक होऊं नये म्हणून लेखनिक त्यांच्या शेजारीं ‘यू’ऐवजीं ‘ओ’ लिहीत. वाचणाराच्या सोयीसाठीं केलेली ही युक्ति, आज शिकणाराची गैरसोय होऊन बसली आहे.

इतका पसारा पाहिल्यावर, हे सारें झाडून कां टाकूं नये, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. व तो विचारणारांत मोठमोठीं माणसें आहेत. अमेरिकेचा कोशकार नोआ वेब्स्टर ह्यानें १७८९ मध्यें न उच्चारले जाणारे वर्ण गाळावे अशी सूचना केली, व त्याच्या उदाहरणांत ‘गिव्ह’चा ‘ई’हि होता. त्याच्या पुष्कळ सुधारणा अमेरिकेनें घेतल्या. पण ‘गिव्ह’चा ‘ई’ जागचा हालला नाहीं. १९५० मध्यें निवर्तलेला जॉर्ज बर्नार्ड शॉ ह्यानें तर आपल्या मृत्युपत्रांत निदान चाळीस वर्णांच्या नव्या लिपीसाठीं पैसा ठेवला. त्याप्रमाणें लिपी तयार झाली, आणि १९६२ मध्यें त्याचें ‘अँड्रॉक्लीज अँड द लायन’ हें नाटक तींत छापून निघालें. तें आज कुतूहलाची वस्तु म्हणून उरलें आहे. सबंध जगांत छापलेल्या ग्रंथांचें ओझें एवढें झालें होतें कीं, एका नाटककाराच्या इच्छेनें तें ढळणें शक्य नव्हतें.

योगायोग असा कीं, त्याच १९६२ सालीं आपल्याकडे मुक्या खुणांचा निकाल लागला. मराठी साहित्य महामंडळानें तयार केलेले लेखनाचे चौदा नियम महाराष्ट्र शासनानें त्या वर्षीं मान्य केले, आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार मराठींतून गेले. हा लेख आम्हीं जुन्या वळणानें लिहिला आहे तो ह्याच कारणासाठीं. आमचा जन्म त्या नियमांनंतरचा. हीं टिंबें आम्हांस शाळेंत कोणी शिकविलीं नाहींत, घरांतल्या जुन्या मासिकांवरून तीं आम्हीं उचललीं. त्यांतलें प्रत्येक टिंब म्हणजे एक मुका ‘ई’ आहे. ‘दांत’वरील टिंब ‘दन्त’ शब्दाची, आणि ‘पांच’वरील ‘पञ्च’ शब्दाची आठवण ठेवून होतें. ‘ते’ म्हणजे पुष्कळ पुरुष आणि ‘तें’ म्हणजे एक मूल, हा भेद त्या टिंबानें डोळ्यांना दिसे. तो भेद कल्पनेंतला नव्हता. कोंकणींत असा नाकांतला उच्चार अद्याप ऐकूं येतो.

मग तीं टिंबें गेलीं हें वाईट झालें काय? येथें आम्हीं स्वतःशीं पुष्कळ वाद घातला आहे. इतिहासाचा अभ्यासक म्हणून तीं असावींत असें वाटतें; कारण टिरिटला जसा ‘ई’ उपयोगी पडला, तसें उद्यां मराठीच्या एखाद्या अभ्यासकास तें टिंब उपयोगी पडेल. पण त्या वेळीं वर्गांतला तो पुढें केलेला हात डोळ्यांसमोर येतो. पिढ्यान् पिढ्या मराठी मुलांनीं न ऐकूं येणाऱ्या टिंबांसाठीं गुण गमावले, आणि मार खाल्ला. भाषेची स्मृति जपण्याचा सारा खर्च सात-आठ वर्षांच्या मुलाकडून वसूल करणें, हा कांहीं न्याय नव्हे. जुन्या पुस्तकांतून तीं टिंबें जपलीं जावीं, ज्याला हौस असेल त्यानें तीं शिकावीं, आणि मुलांच्या वह्यांतून मात्र तीं गेलीं तें योग्यच झालें, ह्या निर्णयावर आम्ही येऊन ठेपलों आहों.

इंग्रजीनें दुसरा मार्ग पत्करला. तिनें खुणा ठेविल्या आणि ओझें मुलांवर टाकलें. तें ओझें आज तिच्या मुलांवरच नव्हे, तर खेड्यापाड्यांतल्या आपल्या मुलांवरहि आहे. तें उतरविणें आमच्या हातीं नाहीं. पण तें कशाचें आहे हें सांगणें शिक्षकाच्या हातीं नक्कीच आहे. ‘पाठ कर’ म्हटल्यानें जो वर्ण दगड होऊन डोक्यावर बसतो, तोच ‘पूर्वीं हा बोलत असे’ एवढें सांगितल्यानें गोष्टींतल्या म्हाताऱ्यासारखा ओळखीचा होतो. हल्लीं आम्ही पहिल्या वर्षाच्या वर्गांत हीच कहाणी सांगतों, आणि मुलें ती लक्ष देऊन ऐकतात.

आमचा तो सोबती आज कोठें आहे हें आम्हांस ठाऊक नाहीं. हा अंक त्याच्या हातीं पडेल असेंहि नाहीं. पण त्याच्या नातवंडांपैकीं कोणी त्यालाच तो प्रश्न विचारील, तर त्यानें हात मागें घेऊं नये. प्रश्न बरोबर होता. उत्तर तेवढें वर्गांत नव्हतें.